उल्हास नदीकाठचे चैत्यगृह

मुंबईहून निघालेली रेल्वे कल्याण सोडून पुण्याच्या वाटेला लागली म्हणजे अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ अशी स्थानके घेत कर्जतपर्यंत ज्या खोऱ्यातून धावते ते खोरे उल्हास नदीचे आहे, ही गोष्ट त्या गाडीने नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत लोहमार्ग नेणाऱ्या अभियंत्यांना घाटाकडे जाताना वाट शोधत हिंडावे लागले नाही. नदीने डोंगरांच्या कुशीतून जी वाट युगानुयुगे घडवून ठेवली होती आणि जिच्यावरून बैलांचे तांडे, व्यापारी, कारागीर आणि काषायवस्त्रे ल्यालेले भिक्षू दोन हजार वर्षांपूर्वीच रुळले होते, तिच्याच आधाराने त्यांनी रूळ टाकले. ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना नदी म्हणून काही दिसत नाही. गोखले रस्त्याची गर्दी आणि इमारतींना चिकटलेल्या इमारती यांच्या पलीकडे आमची दृष्टी सहसा जात नाही. परंतु रूळ ओलांडून कोपरीच्या बाजूला गेले की जी खाडी लागते तिच्यात उल्हासचे पाणी मिसळलेले असते. राजमाचीच्या परिसरातल्या सह्याद्रीच्या कड्यांत उगम पावलेली ही नदी ठाण्याच्या ईशान्येस दुभंगते. तिची मुख्य धारा घोडबंदरावरून वसईच्या खाडीला जाते आणि दुसरी ठाण्याच्या खाडीत उतरते. या नदीच्या वरच्या अंगाला, उगमापासून फारसे दूर नाही अशा ठिकाणी, कोंडाणे नावाचे एक प्राचीन बौद्ध लेणे आहे. नौपाड्याहून सकाळी निघालेला मनुष्य ते सावकाश पाहून संध्याकाळी घरी परत येऊ शकतो, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसते, याची मला खंत वाटते.

कोंडाण्याला जाण्याआधी कल्याणचा विचार करावा लागतो, कारण कल्याणवाचून कोंडाण्याचा अर्थ लागत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ नावाचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नामावळी देताना सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख येतो. सातवाहन राजा थोरल्या सातकर्णीच्या अमदानीत कल्याण ही राजमान्य पेठ होती, परंतु पुढे सत्ता पालटल्यावर तेथे ग्रीक जहाजांना अटकाव झाला आणि चुकून येऊन लागलेले गलबत पहाऱ्यात भरुचला नेले जाई, असे तो ग्रंथकार नमूद करतो. बंदरांचे हक्क आणि जकातीचे उत्पन्न यांसाठी सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात जो दीर्घ झगडा चालला त्याचे हे एका परदेशी व्यापाऱ्याने पाहिलेले चित्र होय. कल्याणला उतरलेला माल घाटावर पैठण, तेर अशा मोठ्या पेठांना जावयाचा आणि घाटावरचा माल कल्याणला यावयाचा, तो उल्हासच्या खोऱ्यातून बोरघाटाच्या आसपासच्या चढणींनी. ही चढण जेथून सुरू होते तेथेच कोंडाण्याची लेणी खोदली गेली आणि ती जेथे संपते तेथे भाजे, कार्ले आणि बेडसे.

भिक्षूंनी संसाराकडे पाठ फिरवून अरण्यात वास केला, ही समजूत आपल्या मनात इतकी दृढ आहे की लेणे म्हटले की आपल्याला निर्जनता आठवते. वस्तुस्थिती निराळी होती. भिक्षूने भिक्षेवर राहावे असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचा, दंडक असल्यामुळे त्याला वस्तीपासून फार दूर जाणे शक्य नव्हते. पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी वर्षावास करावा हा दुसरा दंडक असल्यामुळे त्याला पाऊस लागणार नाही आणि पाणी आटणार नाही अशी जागा हवी होती. आणि वर्षाचे उरलेले महिने चारिका, म्हणजे गावोगाव भ्रमंती, करावयाची असल्यामुळे ती जागा चालत्या वाटेवर असणे इष्ट होते. वस्ती, पाणी आणि वाट या तिन्ही गोष्टी उल्हासच्या काठी एकत्र आल्या होत्या.

कर्जतला उतरल्यावर रिक्षाने कोंदिवडे गाव गाठावे लागते आणि तेथून पुढे पायवाट. उल्हासचे पात्र या भागात रुंद नाही. काळ्या धोंड्यांमधून खळाळत येणारे ते पाणी पाहून हीच नदी कल्याणच्या पुढे गलबते वाहून नेणारी खाडी होते यावर विश्वास बसणे अवघड जाते. तास-दीड तासाची चढण झाडीतून आहे. वर राजमाचीचे मनरंजन आणि श्रीवर्धन हे दोन्ही बालेकिल्ले अधूनमधून दर्शन देतात, आणि पावसाळा नुकताच सरला असेल तर ओढे ओलांडताना चपला हातात घ्याव्या लागतात. लेणे शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. झाडी एकदम सरते आणि कड्याच्या पोटात कोरलेली ती प्रचंड कमान समोर उभी राहते.

कार्ल्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले उपासनागृह, कोंडाण्याहून कितीतरी भव्य आहे, आणि तेथील रोषणाई, पायऱ्या व एकवीरेची यात्रा यांमुळे ते सर्वतोमुखी झालेले आहे. तथापि मला विचाराल तर शिल्पशास्त्रातील जिज्ञासूने आधी कोंडाणे पाहावे. भाज्याचे चैत्यगृह त्याच्या आधीचे आणि कार्ल्याचे नंतरचे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे लेणे त्या दोहोंमधल्या अवस्थेचे आहे, आणि कोणतीही कला एका अवस्थेतून दुसरीत जात असताना तिचे अंतरंग जसे उघडे पडते तसे ती परिपक्व झाल्यावर पडत नाही. हे खोदणारे कारागीर मूळचे लाकडाच्या घरांचे जाणकार होते. त्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी तुळया, वाशांची वळणदार कमान, सज्जे आणि कठडे यांनी सिद्ध झालेले सभागृह होते, आणि कातळात त्यांनी तेच कोरले. दर्शनी भागावर वेदिकेचे कठडे एकावर एक रचल्यासारखे कोरलेले आहेत. त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या चैत्यकमानींची ओळ आहे, आणि तुळयांची टोके भिंतीबाहेर यावीत तशी दगडी टोके पुढे काढलेली आहेत. त्या टोकांवर कसलाही भार नाही. पाषाणाला तुळईची गरजच नसते. तरीही ती तेथे आहेत, कारण ती नसती तर त्या कारागिराला ते घर घरासारखे वाटले नसते. दर्शनी कमानीचा काही भाग तर खऱ्याखुऱ्या लाकडाचा होता. ते लाकूड आता उरलेले नाही आणि म्हणून लेण्याचे तोंड आज उघडे पडल्यासारखे दिसते.

कमानीच्या दोहों अंगांस, जाळीच्या नक्षीने विभागलेल्या चौकटींत, नृत्य करणारी माणसे कोरलेली आहेत. कोठे एक पुरुष व एक स्त्री, कोठे दोन स्त्रियांसमवेत एक पुरुष; पुरुषांच्या मस्तकी जड पागोटी, कानांत वजनदार कुंडले, स्त्रियांच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या. ही शिल्पे उंचावर असल्यामुळे खालून पाहताना मान दुखू लागते. समोरच्या उंचवट्यावर थोडे मागे जाऊन, शक्य तर दुर्बीण घेऊन ती पाहावीत. भिक्षूंच्या उपासनागृहाच्या दारावर नाचणाऱ्या स्त्रीपुरुषांचे काय काम, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर त्या काळच्या धर्मजीवनात आहे: लेणे भिक्षूंसाठी खोदले जाई, पण त्याचा खर्च गृहस्थ करीत, पूजेला गृहस्थ येत, आणि स्तूपापुढे गायनवादन होत असे. दारावरची माणसे ही दारातून आत जाणारीच माणसे आहेत.

याच दर्शनी भागाच्या डाव्या अंगास पुरुषाहून मोठ्या आकाराच्या एका यक्षमूर्तीचे भग्न मस्तक उरले आहे. चेहरा पूर्णपणे नष्ट झालेला आहे. मस्तकावरचे गुंतागुंतीचे शिरोवेष्टन मात्र अजून ओळखू येते, त्याचे पदर एकमेकांवरून कसे घेतले आहेत हे बोटाने दाखविता येईल इतके. त्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे. तिचा आशय एवढाच की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले.

या एका ओळीपाशी मी प्रत्येक वेळी रेंगाळतो. आपल्या प्राचीन कलेविषयी बोलताना शिल्पी अनामिक राहिले, त्यांनी आपले नाव मागे ठेवले नाही, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगत असतो. बलकाने नाव ठेवले आहे, आणि आपल्या नावाआधी गुरूचे नाव ठेवले आहे. याला साथ देणारे दुसरे उदाहरण औरंगाबादेकडच्या पितळखोऱ्याला सापडले. तेथील यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडविल्याचे कोरलेले आहे. सोनाराने पाषाणाचा यक्ष घडवावा ही गोष्ट चमत्कारिक वाटते खरी, पण सूक्ष्म हत्याराने कठीण वस्तूवर नक्षी उठविणे हेच ज्याचे नित्याचे काम, त्याचा हात पाषाणावर चालला तर त्यात नवल नाही. कोंडाण्याच्या शिरोवेष्टनावरचे बारीक काम पाहताना, बलकाचा गुरू कण्ह हा कोणी भिक्षू होता की हातात छिन्नी धरावयास शिकविणारा उस्ताद होता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. मूर्तीच्या शेजारी, जेथे कारागीर सही करील तेथेच, ती ओळ आहे.

आत गेल्यावर सभागृहाची लांबी सुमारे ६६ फूट, रुंदी २६ फूट आणि कमानीच्या माथ्याची उंची २८ फूट भरते. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी अर्धवर्तुळाकार असून तेथे स्तूप आहे, आणि स्तूपाभोवती प्रदक्षिणेची वाट सोडून अष्टकोनी खांबांची रांग फिरविलेली आहे. बुद्धाची मूर्ती येथे नाही. ज्या काळात हे लेणे खोदले गेले त्या काळात तथागताला मनुष्यरूपात दाखविण्याची प्रथा या प्रदेशात नव्हती. स्तूप हेच त्याचे प्रतीक आणि स्तूपाभोवती फिरणे हीच त्याची पूजा. खांबांची अवस्था पाहून मात्र मन विषण्ण होते. पुष्कळ खांबांचे बुंधे कधीच झिजून पडले आणि वरचे तुकडे छताला चिकटून तसेच लोंबत राहिले आहेत. इमारत असती तर ती केव्हाच कोसळली असती. लेण्याला खांबांचा आधार नसतो, छत आणि खांब एकाच कातळाचे असतात, हे शाळेतल्या पुस्तकात वाचलेले सत्य येथे लोंबत्या खांबांकडे पाहताना खऱ्या अर्थाने कळते. खोदकाम वरून खाली होत असे: आधी छत तासून पूर्ण करावयाचे, मग खांबांचे माथे आणि सरतेशेवटी तळ. त्यामुळे परांची बांधावी लागत नसे, पण चूक झाली तर दुरुस्तीलाही वाव राहत नसे.

शेजारचे विहाराचे, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचे, लेणे घाईने पाहून सुटू नये. मधला चौक, त्यात स्तंभांची रांग, छताला पुन्हा लाकडी तुळयांचे अनुकरण, आणि तीन बाजूंना सहा सहा मिळून १८ कोठड्या. कोठडीत झोपण्यासाठी कातळाचाच ओटा. ओसरीच्या बाजूच्या भिंतीवर चैत्यकमानीखाली एक स्तूप उठावात कोरलेला आहे. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे चैत्यगृहापर्यंत जाणे ज्याला जमत नसे त्याने येथूनच वंदन करावे अशी काही योजना असेल काय, असा तर्क मला करावासा वाटतो. आषाढात समोरून धबधब्याची धार पडत असताना या कोठड्यांत काय थंडी भरत असेल, याची कल्पना भर मध्यान्हीही करता येते.

मधल्या काळात या लेण्याचा विसर पडला. अर्वाचीन काळात त्याची नोंद प्रथम घडली ती १८३० च्या सुमारास, आणि ती करणारे गृहस्थ विष्णुशास्त्री हे आपल्यापैकीच होते. त्यांच्या मागोमाग ठाण्याचे कलेक्टर लॉ हे तेथे जाऊन आले. त्या काळी कर्जतचा मुलूख ठाण्याच्या कचेरीच्या अखत्यारीत होता. ब्राह्मी लिपी वाचण्याची गुरुकिल्ली जेम्स प्रिन्सेप याला १८३७ साली गवसली. म्हणजे विष्णुशास्त्री त्या भग्न यक्षापुढे उभे राहिले तेव्हा बलकाचे नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि ते वाचू शकणारा एकही मनुष्य पृथ्वीवर हयात नव्हता. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील लेण्यांवरच्या मोठ्या ग्रंथात कोंडाण्याची मोजमापे आली, आणि १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बर्जेससमवेत पश्चिम भारतातल्या लेण्यांतील लेखांचा संग्रह सिद्ध केला.

कोंडाण्याचा खर्च कोणी केला हे बलकाच्या त्या ओळीवरून समजत नाही. परंतु याच परिसरातले दुसरे मोठे लेणे, नौपाड्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर ओलांडले की ज्याच्या आसपास आपण पोहोचतो ते कान्हेरी, या बाबतीत फार बोलके आहे. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि तेथील दानलेखांत कल्याणच्या लोकांची नावे पुन्हा पुन्हा येतात. कल्याणात अंबालिका नावाचा विहार होता हेही तेथेच समजते. राजे आणि अमात्य यांची दाने असतातच. पण कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पिण्याच्या पाण्याचे टाके दिले आहे, आणि कल्याणच्याच नद नावाच्या लोहाराने वाट दिली आहे. लोहाराने वाट करून द्यावी! ज्याच्या भट्टीत छिन्न्या आणि पहारी तयार होत, ज्याच्यावाचून एकही लेणे खोदले गेले नसते, त्याने दान देताना मूर्ती दिली नाही की सभामंडप दिला नाही; डोंगर चढून येणाऱ्याच्या पायांना सुख व्हावे एवढेच पाहिले. त्या टाक्याचे पाणी प्यावयाला आणि त्या वाटेने चालावयाला मनुष्य बौद्ध असण्याची अट नव्हती. कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील आपल्या नगरांचा इतिहास आपण शिलाहारांपासून किंवा पोर्तुगीज आणि पेशव्यांपासून सांगू लागतो. त्या इतिहासाच्या आरंभी हा सोनार आणि हा लोहार उभे आहेत, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि ओसाड पडलेल्या या लेण्यांना पुन्हा उपासक मिळाले. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ येथील श्रमिक वस्त्यांतून शुभ्र वस्त्रे नेसून, मुलाबाळांना घेऊन येणारी कुटुंबे अशा लेण्यांत दिसतात. पादत्राणे बाहेर काढून ती त्रिसरण-पंचशील म्हणतात, स्तूपाला प्रदक्षिणा घालतात आणि निघण्याआधी शिदोरीचा कचरा स्वतः गोळा करून नेतात. पुरातत्त्व खात्याने लावलेला संरक्षित स्मारकाचा फलक आपले काम करीत असेल, परंतु वास्तूचे खरे रक्षण होते ते तिला आपली म्हणणाऱ्या माणसांमुळे. याच्या उलट दृश्य पावसाळ्यातल्या रविवारी दिसते. धबधब्याखाली भिजण्यासाठी लोटलेल्या झुंडींपैकी कित्येकांना आपण कोठे उभे आहोत याचे भान नसते. चैत्यगृहात हाका मारून प्रतिध्वनी ऐकण्यात आणि ओल्या भिंतींवर नावे कोरण्यात त्यांचा वेळ जातो. बलकाच्या ओळीपासून हातभर अंतरावर असली अक्षरे उमटू शकतात, या विचाराने जीव तुटतो. म्हणून ज्यांना लेणे पाहावयाचे आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, आणि शक्य तर कामाच्या दिवशी जावे. ओढ्यांचे पाणी ओसरलेले असते, झाडीतली वाट मोकळी होते, आणि दर्शनी शिल्पांवर पडणारा उजेड बारकावे दाखवितो. पिण्याचे पाणी आणि शिदोरी बरोबर असावी; वर काही मिळत नाही.

ज्यांच्या पायांत बळ आहे आणि हाताशी दुसरा दिवस आहे त्यांनी कोंडाण्याहून मागे फिरू नये. लेण्यापासून तीच वाट पुढे राजमाचीवर चढते आणि तेथून लोणावळ्याच्या पठाराकडे निघते. वरच्या अंगाला भाजे आणि कार्ले ही दोन्ही चैत्यगृहे पाहिली म्हणजे लाकूड मागे पडून पाषाण आपल्या पायांवर कसा उभा राहिला, याचा सगळा क्रम एका प्रवासात डोळ्यांखालून जातो. कार्ल्याच्या खांबांवरील दात्यांची नावे वाचीत जावे. त्यांत सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या एका भाणकाचे, म्हणजे सूत्रे मुखोद्गत करून म्हणून दाखविणाऱ्या धर्मवाचकाचे नाव आहे. समुद्रकाठच्या सोपाऱ्याहून निघून घाट चढून तो तेथे पोहोचला आणि त्याने तेथे एक खांब दिला.